सर्व्हर बरा आहे, टर्मिनलचं बघा

“मॅडम, सर्व्हर गंडलाय” असा फोन आला की मी आधी एकच विचारते, “लॉगिन झालास ना?” झाला असेल तर सर्व्हर गंडलेला नाही. बॅकस्पेस दाबल्यावर ^एच उमटतंय, वरचा ऍरो दाबला की ^[[ए येतंय, एचटॉप हा प्रोग्राम उघडायलाच तयार नाही, व्हीआय एडिटरमध्ये ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात, मराठी नावाच्या फायलीऐवजी आकड्यांची माळ दिसतेय, या सगळ्या तक्रारी टर्मिनलच्या, म्हणजे सर्व्हरला कमांड द्यायच्या खिडकीच्या. सर्व्हर मुकाट काम करत असतो. समोरचा पडदा कसला आहे याबद्दल त्याचा गैरसमज झालेला असतो, एवढंच.

मी नाशिकहून थोड्या लोकांची यंत्रं सांभाळते. बहुतेक डेबियन लिनक्स, बाकी युनिक्सच्या घराण्यातली: एका छापखान्याची फ्रीबीएसडीवरची फायरवॉल, एका कारखान्यातलं सोलारिस १० चं यंत्र (त्याला हात लावायची कुणाची टाप नाही, कारण त्यावर चालणारा प्रोग्राम लिहिणारे केव्हाच निवृत्त झालेत), आणि एका बँकेचं एआयएक्स. माझा लॅपटॉप लिनक्सचा, हाताखालच्या पोराचा मॅक, बँकेतले साहेब विंडोजवरून पुटी हा टर्मिनलचा प्रोग्राम वापरतात. त्यामुळे कोण कुठून कुठे शिरलं की काय बिनसतं, हे बरंचसं पाठ झालंय. कमांड मी फोनवर सांगते तशाच खाली लिहिल्यात. टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं.

पहिली गोष्ट, एसएसएच (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरायची वाट) जोडताना नेमकं काय पलीकडे जातं ते. एसएसएचचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ४२५४ या दस्तऐवजात हे स्वच्छ लिहिलंय. क्लायंट जेव्हा सर्व्हरकडे टर्मिनल मागतो तेव्हा त्या मागणीतच तो टर्मिनलचं नाव, रकाने आणि ओळी किती, आणि टीटीवायच्या, म्हणजे सर्व्हरकडच्या टर्मिनलच्या टोकाच्या, खुणा (बॅकस्पेसचं अक्षर कोणतं, थांबवायचं कोणतं वगैरे) पाठवतो. नाव म्हणजे तुमच्याकडचं ‘टर्म’ हे व्हेरिएबल. ते कायम जातं, त्यासाठी काही सेट करावं लागत नाही. लोकेल (भाषा आणि अक्षरांची निवड) मात्र वेगळ्या वाटेने जातं, क्लायंटकडचं सेंडएन्व्ह आणि सर्व्हरकडचं ॲक्सेप्टएन्व्ह या सेटिंगच्या परवानगीने. रंगांची ताकद सांगणारं ‘कलरटर्म’ बऱ्याच यंत्रांवर जातच नाही, म्हणून घरी लाखो रंग दाखवणारा एडिटर सर्व्हरवर २५६ वर येतो. कुठली गोष्ट कुठल्या वाटेने गेली हे माहीत असलं की अर्धं निदान फोनवरच होतं.

आता नाव गेलं तरी ओळख पटायला हवी. पाहुण्याने दारात नाव सांगावं आणि घरातल्यांना ते कधी ऐकलेलंच नसावं, तसं होतं. सर्व्हर आपल्या टर्मइन्फोच्या कोठारात ते नाव शोधतो. पडदा कसा पुसायचा, कर्सर कसा हलवायचा, ठळक अक्षर कसं काढायचं, एफ-१ दाबला की कुठली अक्षरं येतील, हे सगळं त्या नोंदीत असतं. नोंद सापडली नाही की प्रत्येक प्रोग्राम आपापल्या स्वभावाप्रमाणे कुरकुरतो. एचटॉप आणि नॅनो ‘एरर ओपनिंग टर्मिनल’ म्हणून सरळ बाहेर पडतात. फायली पानापानाने दाखवणारा लेस ‘टर्मिनल इज नॉट फुली फंक्शनल’ असा इशारा देऊन कसंबसं काम करतो. एका खिडकीत अनेक टर्मिनलं चालवणारा टीमक्स ‘मिसिंग ऑर अनसुटेबल टर्मिनल’ म्हणतो. सोलारिसच्या जुन्या व्हीआयचं उत्तर मला सगळ्यांत आवडतं. तुम्ही कुठल्या टर्मिनलवर आहात ते मला माहीत नाही, माझ्या हाती फक्त हे नाव आहे, अशी कबुली देऊन तो एकेका ओळीपुरत्या ‘ओपन मोड’मध्ये उघडतो. त्याचा हा प्रामाणिकपणा आजच्या सॉफ्टवेअरने घ्यावा.

हे कोठार कुठून आलं? १९७० च्या दशकात टर्मिनल म्हणजे खरंच टेबलावरची वस्तू होती आणि दर कंपनीची भाषा वेगळी. बर्कलीत बिल जॉय व्हीआय लिहीत होते. प्रत्येक टर्मिनलसाठी वेगळा प्रोग्राम लिहिण्यापेक्षा टर्मिनलांचे गुण एका फायलीत मांडावेत म्हणून त्यांनी टर्मकॅप काढलं. (व्हीआयमध्ये एच-जे-के-एलने कर्सर का हलतो? त्यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण त्याच कळांवर छापलेले होते.) १९७८ मध्ये डेक कंपनीचं व्हीटी१०० हे टर्मिनल आलं आणि त्याची भाषा इतकी पसरली की आजचं प्रत्येक टर्मिनल आतून थोडंफार तेच बोलतं. पुढे मार्क हॉर्टन यांनी टर्मकॅपच्या जागी टर्मइन्फो आणलं, आणि गेली कित्येक वर्षं एनकर्सेस (प्रोग्रामांना पडदा रंगवून देणारी लायब्ररी) आणि त्यासोबतचं कोठार टॉमस डिकी सांभाळताहेत. हा माणूस टर्मिनलच्या एकेका नोंदीचा इतिहास लिहून ठेवतो. शंका आली की मी त्यांच्याकडचं वाचते. बाकी इंटरनेटवर ‘ही ओळ बॅशआरसीत टाका’ छापाचे सल्ले ढिगाने आहेत. (बॅश म्हणजे कमांड घेणारा प्रोग्राम, शेल; बॅशआरसी ही तो सुरू होताना वाचतो ती फाइल.)

त्या सल्ल्यावरच माझा राग आहे. बॅशआरसीत ‘एक्सपोर्ट टर्म=एक्सटर्म-२५६कलर’ लिहून मोकळं व्हायचं. त्याने आजचा एरर जातो खरा. पण तीच बॅशआरसी टीमक्समध्येही चालते, सीरियल कन्सोलवरही चालते, इमॅक्स एडिटरच्या आतल्या शेलमध्येही चालते. तिथे टर्मिनल एक्सटर्म नसतं. मग टीमक्समध्ये कळा वेड्यावाकड्या चालतात, इमॅक्समध्ये चौकोन आणि कंसांचा पाऊस पडतो, आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही की कारण ती जुनी ओळ आहे. टर्म हे समोरच्या पडद्याचं नाव आहे. ते ठरवायचा अधिकार पडद्याचा, सर्व्हरवरच्या फायलीचा नाही.

योग्य इलाज म्हणजे सर्व्हरला ते नाव शिकवणं. कॅलिबर हे ई-पुस्तकांचं सॉफ्टवेअर लिहिणारे कोविद गोयल यांचं किटी हे टर्मिनल मी वापरते, त्याचं नाव ‘एक्सटर्म-किटी’. घोस्टीचं ‘एक्सटर्म-घोस्टी’, फूटचं नुसतं ‘फूट’. आपल्या यंत्रावर ही नोंद असतेच, ती उचलून पलीकडे नेऊन द्यायची:

इन्फोसीएमपी -एक्स एक्सटर्म-किटी | एसएसएच सर्व्हर -- टिक -एक्स -

इन्फोसीएमपी नोंद वाचनीय मजकुरात काढतो, टिक ती पलीकडे पुन्हा बांधून ‘~/.टर्मइन्फो’त ठेवतो. -एक्स विसरू नका, नाहीतर नोंदीतले नेहमीच्या यादीबाहेरचे गुण गळून पडतात. किटीच्या ‘किटन एसएसएच’मध्ये हेच काम आपोआप होतं. डेबियनवर ‘किटी-टर्मइन्फो’ हे पॅकेज टाकलं तरी भागतं, आणि ज्या सर्व्हरवर रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) हातात आहे तिथे मी पॅकेजच टाकते.

त्याला कारण सुडो, म्हणजे रूटच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय. पोराचा ठरलेला प्रश्न असतो, “मॅडम, एचटॉप चालतंय पण सुडो एचटॉप चालत नाही, असं कसं?” अरे, सुडोने टर्म तसंच ठेवलं पण घर बदललं. रूटचं घर वेगळं, तुझ्या घरातलं ‘.टर्मइन्फो’ रूटला कुठून दिसणार? नोंद सगळ्यांच्या कोठारात गेली की प्रश्न मिटतो. आणखी एक गंमत मॅकवर. लिनक्सवर एक्सने सुरू होणारी नोंद ‘एक्स’ नावाच्या फोल्डरात जाते, मॅकवर ती ‘७८’ नावाच्या फोल्डरात सापडते. ७८ हा एक्स अक्षराचा सोळाच्या पायातला आकडा. मॅकच्या फाइलसिस्टीमला साधारणपणे मोठं-लहान अक्षर वेगळं कळत नाही, म्हणून ही सोय. लिनक्सवरचं फोल्डर उचलून मॅकवर चिकटवलं तर काही उपयोग होत नाही तो यामुळे. कायम टिकमधूनच जावं.

जुन्या यंत्रांवर टिकही म्हातारं असतं. टर्मइन्फोच्या जुन्या बांधणीत आकड्याला १६ बिटं, म्हणजे ३२७६७ ही कमाल. नव्या एनकर्सेसच्या नोंदींत रंगांच्या जोड्या ६५५३६ लिहिलेल्या असतात. मॅकबरोबर बरीच वर्षं एनकर्सेस ५.७ येत होतं, त्याचा टिक इथेच अडखळायचा. नोंद आधी फायलीत काढायची, ‘पेअर्स’चा आकडा ३२७६७ करायचा, मग बांधायची. सोलारिसवर आणखी एक पायरी आहे. तिथली लायब्ररी तुमच्या घरातलं ‘.टर्मइन्फो’ आपणहून बघत नाही, त्यामुळे ‘टर्मइन्फो’ हे व्हेरिएबल तिकडे वळवून मगच टिक चालवायचा. फ्रीबीएसडीच्या जुन्या आवृत्त्यांत तर मूळ सिस्टीम टर्मकॅपवरच चालते, तिथे इन्फोसीएमपीला मोठा सी लावून टर्मकॅपच्या रूपात नोंद काढायची आणि ‘~/.टर्मकॅप’मध्ये ठेवायची.

आणि जिथे काहीच बदलायची परवानगी नाही तिथे खोटं बोलावं, पण आपल्या बाजूने आणि त्या एका सर्व्हरपुरतं. ‘~/.एसएसएच/कॉन्फिग’मध्ये त्या होस्टखाली ‘सेटएन्व्ह टर्म=एक्सटर्म-२५६कलर’ अशी ओळ. ओपनएसएसएच ८.७ पासून हे टर्मला लागू पडतं. त्याआधीचं असेल तर सरळ ‘टर्म=एक्सटर्म एसएसएच सर्व्हर’ असं टाइप करायचं. सोलारिस १० ला ‘२५६कलर’ही कळत नाही, तिथे ‘एक्सटर्म’. त्याच सोलारिसच्या व्हीआयची दुसरी खोड, १६० पेक्षा जास्त रकाने दिसले की ‘टर्मिनल टू वाइड’ म्हणून हात वर करतो. मोठा मॉनिटर घेतल्यावर कारखान्यातून तक्रार आली होती की नवीन स्क्रीनमुळे सर्व्हर बिघडला! ‘एसटीटीवाय कॉलम्स १६०’, संपलं.

टीमक्स वापरणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. टीमक्सच्या आतून एसएसएच केलं तर पलीकडे किटीचं नाव जातच नाही, टीमक्सचं जातं. टीमक्स स्वतःच एक टर्मिनल आहे. ‘टीमक्स-२५६कलर’ पलीकडे नसेल तर लोक ‘स्क्रीन-२५६कलर’ लावतात (स्क्रीन हा टीमक्ससारखाच जुना प्रोग्राम). बहुतेक चालतं, फक्त लेसमध्ये शोधलेला शब्द उलट रंगात उठून दिसायच्या ऐवजी तिरका दिसतो. स्क्रीनच्या नोंदीत ‘उठावदार’साठी जो कोड आहे, तोच बाकीच्या जगात तिरक्या अक्षरांसाठी आहे. फाँट बदलून काही होत नाही, नावच बरोबर हवं.

बॅकस्पेसचं प्रकरण टर्मपेक्षा वेगळं, आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. त्या कळेतून दोनपैकी एक अक्षर जाऊ शकतं, ८ क्रमांकाचं ^एच किंवा १२७ क्रमांकाचं ^?. व्हीटी१०० वर बॅकस्पेस आणि डिलीट अशा दोन वेगळ्या कळा होत्या, एक हे पाठवायची, दुसरी ते. व्हीटी२२० ने मोठ्या खोडायच्या कळेला १२७ दिलं, लिनक्स त्याच पावलावर गेलं. एआयएक्ससारखी मंडळी ^एचवर राहिली. त्याहून जुन्या काळात, कागदावर छापणाऱ्या टर्मिनलांवर, खोडायला # आणि पूर्ण ओळ रद्द करायला @ होतं, आणि एचपी-यूएक्सने ते कित्येक वर्षं जपलं. पासवर्डात @ ठेवला की कन्सोलवरून लॉगिन होत नाही म्हणून त्या काळी कपाळ बडवलेले लोक मी पाहिलेत. पासवर्ड बरोबरच असायचा, @ च्या आधीचा भाग सर्व्हरने टाकून दिलेला असायचा.

निदान सोपं आहे. कंट्रोल-व्ही दाबा, मग बॅकस्पेस. जे उमटेल ते तुमची कळ पाठवतेय. मग ‘एसटीटीवाय -ए’ मध्ये ‘इरेज’ समोर काय आहे ते बघा, ते सर्व्हरचा टीटीवाय ऐकायला बसलाय. आणि ‘इन्फोसीएमपी’मध्ये ‘केबीएस’ काय म्हणतंय ते बघा, ते एडिटरसारखे प्रोग्राम धरून चालतात. तिन्ही जुळले की झालं. शेलमध्ये चालतं पण एखाद्या प्रोग्रामात चालत नाही, असं असेल तर तिसरं बिघडलंय. इमॅक्समध्ये बॅकस्पेस दाबल्यावर मदतीचं पान उघडत असेल तर कळ ^एच पाठवतेय, कारण इमॅक्समध्ये कंट्रोल-एच म्हणजे मदत.

एसएसएच ही इरेजची खूण स्वतःबरोबर नेतं, त्यामुळे मुळात बिघडायला नको. बिघडतं ते कुणीतरी ‘/ईटीसी/प्रोफाइल’ या प्रत्येक लॉगिनला चालणाऱ्या फायलीत ‘एसटीटीवाय इरेज ^एच’ लिहून ठेवल्यामुळे. बँकेच्या एआयएक्सवर तसंच होतं. टेलनेटच्या काळात कुणाच्यातरी टर्मिनलला ते हवं होतं, माणूस गेला, टर्मिनल गेलं, ओळ राहिली. शिवाय रात्रीच्या स्क्रिप्ट एसएसएचने लॉगिन शेल उघडतात तेव्हाही ही ओळ चालते, तेव्हा समोर टर्मिनलच नसतं, आणि लॉग एसटीटीवायच्या एररने भरतो. प्रोफाइलमध्ये टर्मिनलला हात लावणारी कुठलीही ओळ ‘[ -टी ० ]’ या तपासणीच्या आतच हवी. साहेबांना हे पटवायला बदलाच्या अर्जावर ‘लॉग स्वच्छता’ असं कारण घालावं लागलं. ‘बॅकस्पेस’ लिहिलं असतं तर मंजूर झालं नसतं.

त्याच एआयएक्सवर ऍरो दाबला की ^[[ए येतं, ते मात्र टर्म बदलून जाणार नाही. तिथला केएसएच हा शेल म्हणजे बॅश नव्हे, त्याला ऍरोची भाषा माहीतच नाही. ‘सेट -ओ इमॅक्स’ करा आणि ‘__ए’ या नावाचं एलियस (टोपणनाव) कंट्रोल-पीला जोडा, ‘__बी’ कंट्रोल-एनला, ‘__सी’ कंट्रोल-एफला, ‘__डी’ कंट्रोल-बीला. एस्केप, चौकोनी कंस आणि ए आलं की केएसएच ‘__ए’ नावाचं एलियस शोधतो, त्याची ही पळवाट. खरी कंट्रोल-अक्षरं घालावी लागतात, ‘पी’च्या आधी ^ ही टोपी टाइप करून भागत नाही. चारही बाण चालू लागले तेव्हा साहेब म्हणाले, “अपग्रेड केलंत का?”

पुटीवाल्यांची तक्रार बहुधा फंक्शन कीजची. पुटी स्वतःचं नाव ‘एक्सटर्म’ सांगतो, पण एफ-१ ते एफ-४ साठी वेगळीच अक्षरं पाठवतो. मग मिडनाइट कमांडर या फायली हाताळायच्या प्रोग्रामात एफ-३ दाबून फाइल उघडायला जावं तर काहीच होत नाही. कनेक्शनखाली डेटामध्ये टर्मिनलच्या नावाच्या जागी ‘पुटी-२५६कलर’ लिहा, सर्व्हरवर ‘एनकर्सेस-टर्म’ हे नोंदींचं पॅकेज असू द्या. एआयएक्सला हे नाव कळत नसेल, तर स्मिटी या त्याच्या व्यवस्थापनाच्या मेनूमध्ये एफ-३ ऐवजी एस्केप दाबून मग ३. तेही आधी सांगावं लागतं, नाहीतर माणूस स्मिटीत शिरतो आणि बाहेर येता येत नाही म्हणून खिडकीच बंद करतो.

आता आपल्या घरचा विषय. माझा लॅपटॉप मराठीत आहे, लोकेल ‘एमआर_आयएन.यूटीएफ-८’. डेबियनचा एसएसएच क्लायंट लँग आणि एलसी_ ने सुरू होणारी सगळी व्हेरिएबल्स पाठवतो, डेबियनचा सर्व्हर ती स्वीकारतो. पण त्या सर्व्हरवर मराठी लोकेल कुणी तयारच केलेलं नसतं. मग पॅकेजं टाकणारं ॲप्ट चालवलं की त्याच्या पोटातल्या पर्ल भाषेची लांबलचक तक्रार, ‘सेटिंग लोकेल फेल्ड’. मॅकवाल्यांना याचा भाऊ भेटतो. भाषा आणि प्रदेशाची जोडी मॅकच्या यादीत नसेल तर त्याचं टर्मिनल ‘एलसी_सीटाइप=यूटीएफ-८’ एवढंच पाठवतं, आणि लिनक्सला या नावाचं लोकेल ठाऊक नाही.

लोक ही तक्रार पाहून सोडून देतात, कारण काम चालू राहतं. पण पर्ल शेवटी काय म्हणतंय ते वाचा, मी ‘सी’ लोकेलवर आलोय. म्हणजे सर्व्हर आता फक्त इंग्रजी अक्षरं ओळखतो. छापखान्यात मराठी नावांच्या फायली असतात, तिथे एलएस केलं की ‘\३४०\२४४\२५६’ अशी रांग दिसते. हे ‘म’ आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं, पहिला बाइट कायम ३४०, दुसरा २४४ किंवा २४५ (हे आकडे आठच्या पायातले). ही जोडी दिसली की फाइल शाबूत आहे, फक्त लोकेल चुकलंय. हे मी छापखान्यातल्या ऑपरेटरला कागदावर लिहून दिलंय, कारण एकदा त्याने ‘व्हायरस’ समजून त्या फायली पुसायला घेतल्या होत्या.

इलाज दोन. सर्व्हरवर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स’ करून मराठी लोकेल तयार करा, किंवा जाताना ‘लँग=सी.यूटीएफ-८ एसएसएच सर्व्हर’ असं जा (एलसी_ वाली व्हेरिएबल्स वेगळी सेट असतील तर ‘एलसी_ऑल’). मी आता दुसरंच करते. मराठी लोकेल सर्व्हरवर नीट चालायला लागलं की ‘डेट’ महिन्यांची नावं मराठीत देऊ लागतं. एरवी आनंदच, पण एका ठिकाणी बॅकअपची स्क्रिप्ट महिन्याच्या इंग्रजी नावावरून फोल्डर शोधायची. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालवली की बरोबर, कारण क्रॉनला माझं लोकेल पोचत नाही. हाताने चालवली की नापास. सर्व्हरने सी.यूटीएफ-८ मध्ये राहावं, अक्षरं मराठी असू द्यात. मॉश या एसएसएचसारख्या साधनाला तर यूटीएफ-८ लोकेल नसलं की तो सुरूच होत नाही, निदान तो तोंडावर सांगतो.

लोकेल बरोबर असूनही मराठी टाइप करताना बॅकस्पेस गोंधळ घालतो, त्याचं कारण आणखी खाली, कर्नलमध्ये म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात आहे. स्वतः करून बघा. ‘एसटीटीवाय -आययूटीएफ८’ करा, नुसतं ‘कॅट’ चालवा, ‘कमल’ टाइप करा, एकदा बॅकस्पेस, मग एंटर. पडद्यावर ‘ल’ पुसला गेला, पण परत आलेल्या ओळीत ‘कम’च्या पुढे एक प्रश्नचिन्हाचा चौकोन. कर्नलने एक अक्षर म्हणून एक बाइट पुसला, ‘ल’चे दोन उरले. ‘आययूटीएफ८’ ही खूण चालू असली की तो पूर्ण अक्षर पुसतो. पण एसएसएचच्या मूळ यादीत ही खूण नव्हतीच, त्यामुळे घरी चालू, पलीकडे बंद. २०१७ मध्ये आरएफसी ८१६० ने तिला ४२ क्रमांक दिला. ती लिहिणाऱ्यांत पुटीचे सायमन टॅथम आहेत. दोन्ही बाजू नव्या असतील तर ती आता आपोआप जाते. एक बाजू जुनी असेल तर हाताने ‘एसटीटीवाय आययूटीएफ८’.

आणि तरीही देवनागरी पूर्ण सुधारत नाही. कर्नल प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एकेक चिन्ह, मात्राही वेगळी) म्हणजे एक रकाना असं धरतो. ‘गुरू’मध्ये कोडपॉइंट चार, पडद्यावर रकाने दोन, कारण उकार खाली लागतो, जागा घेत नाही. चारदा बॅकस्पेस दाबला की कर्सर चार घरं मागे जातो. ‘नाव:’ असं विचारणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तो प्रॉम्प्टमधली दोन घरं खातो. बॅशच्या प्रॉम्प्टवर एवढं होत नाही, कारण बॅशची ओळ वाचणारी रीडलाइन ही लायब्ररी लोकेलला विचारून रुंदी मोजते. तिथे वाद वेगळा. ‘क्ष’ला मोजणारा दोन रकाने देतो (क आणि ष, हलन्त शून्य), आणि काही टर्मिनलं जोडाक्षर एकाच घरात काढतात. एक बाजू युनिकोडच्या एका आवृत्तीवर, दुसरी दुसऱ्या. ओळीच्या मध्यात जाऊन काही घालायला गेलं की अक्षर भलत्याच जागी पडतं. यावर माझ्याकडे इलाज नाही. अशी ओळ मी एडिटरमध्ये लिहून मग चिकटवते. डेटा एंट्रीच्या स्क्रिप्टमध्ये तर ‘रीड’ला -ई लावून टाकलंय, म्हणजे नाव रीडलाइनमधून घेतलं जातं आणि प्रॉम्प्ट वाचतो.

बारीकसारीक तीन. पडद्यावर अक्षरांऐवजी रेघा आणि चिन्हं येऊ लागली, म्हणजे कुणीतरी बायनरी फाइल कॅट केली आणि त्यातल्या कंट्रोल-एनने टर्मिनल रेघांच्या अक्षरसंचावर गेलं. आंधळेपणी ‘रीसेट’ टाइप करा, एंटर चालत नसेल तर कंट्रोल-जे. आणि सगळं गोठलंय, कुठलीच कळ चालत नाही, तर कंट्रोल-क्यू. विंडोजच्या सवयीने सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबलेला असतो, बाकी काही नाही. सीरियल कन्सोलवर खिडकीचा आकार पलीकडे जात नाही, तिथे ‘रीसाइझ’ चालवा. ते कर्सरला दूरच्या कोपऱ्यात ढकलून ‘कुठे पोचलास’ असं विचारतं आणि उत्तरावरून ओळी-रकाने ठरवतं.

माझ्या कॉन्फिग फायलीत सध्या सोलारिस आणि एआयएक्स या दोघांखालीच टर्मची खोटी ओळ आहे, बाकी सगळ्या सर्व्हरना किटीची नोंद दिलीय. बँकेचं स्थलांतर मार्चनंतर होणार म्हणतात. पोराला मी सांगितलंय, एआयएक्स बंद झालं त्या दिवशी ती ओळ आणि चार एलियस काढून टाक, पुढच्या माणसाला ‘ही कशासाठी’ असं शोधत बसायला लावू नकोस.